जिन्याखालची सोय

२ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच. लघवीचं इन्फेक्शन — वर्षातलं तिसरं. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "दिवसाला पाणी किती पिता?" सकाळी घरी एक भांडं, त्यानंतर थेट संध्याकाळी. "दुकानात तहान लागत नाही?" म्हटलं, लागते, पण प्यायलेलं बाहेर कुठे काढू? त्या हसल्या. मी नाही हसले.

अख्ख्या मार्केटात साठ दुकानं, पस्तीस बायका कामाला. पुरुषांची मुतारी मागच्या अंगाला आहे. जिन्याखाली एक दार आहे, त्यावर 'महिला' असं लिहिलंय, आणि त्याला कुलूप आहे. शिवणाचं मशीन घेऊन मी तिथे बसते त्याला अठरा वर्षं झाली. कुलूप एकदाही उघडं बघितलेलं नाही. आत संघटनेचं सामान असतं म्हणे. सामानाची सोय आहे, बायकांची नाही.

३ फेब्रुवारी

भाऊजींना विचारलं. यांचे थोरले भाऊ, मार्केट संघटनेचे सेक्रेटरी आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर. शांतपणे म्हणाले, "आजवर एकाही बाईची तक्रार नाही." म्हटलं, मग ही पहिली. "अशी तोंडी नको. लेखी दे."

५ फेब्रुवारी

अर्ज लिहायला झेरॉक्सवालीला बसवलं. पोरगी समोरच्याच गाळ्यात मशीन चालवते, जीभही त्याच वेगाने चालते. पहिल्याच ओळीला घोडं अडलं. 'शौचालय' लिहायचं की 'स्वच्छतागृह'? चष्म्याच्या दुकानातली बाई म्हणाली, 'प्रसाधनगृह' लिहा, बरं दिसतं. झेरॉक्सवाली म्हणाली, "काकू, तुम्हाला तिथे पावडर लावायला जायचंय का?" शेवटी 'महिलांची सोय' यावर सगळ्यांचं जमलं.

केकच्या दुकानातली सही करेना. तिला सवय झालीय म्हणे. रोज साडेबाराला रस्ता ओलांडून बहिणीच्या घरी जाऊन येते.

"रोज?"

"रोज. तिला वाटतं माझा तिच्यावर फार जीव आहे."

मग स्वतःशीच थोडी हसली आणि सही केली. एकूण बत्तीस झाल्या.

९ फेब्रुवारी

संघटनेची मीटिंग. भाऊजींनी अर्ज वाचायला घेतला — "महिलांच्या त्या विषयाबाबत." पुढे सरकेचनात. कुणीतरी विचारलं, कुठल्या विषयाबाबत? "समजून घ्या हो." सगळ्यांनी समजून घेतलं आणि सात जणांची अभ्यास समिती नेमली. सातही पुरुष. अहवाल सहा महिन्यांत.

झेरॉक्सवाली उठून म्हणाली, "तोवर धरून ठेवू का?"

हार्डवेअरवाल्याला चहाचा ठसका लागला.

घरी आले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. आई — म्हणजे सासूबाई — जेवायला उठेनात. दुकानाची ही जागा आधी त्यांचीच, माझ्या लग्नानंतर त्यांनी ती मला दिली. "त्या मार्केटात मी मान खाली घालून आयुष्य काढलं. आणि तू तिथे चारचौघांत हे असलं बोलतेस?" खरं तर मी एक शब्दही बोलले नव्हते. हे ताटाकडे बघत बसले. वर भाऊ, शेजारी बायको, समोर आई. बिचाऱ्यांनी मीठ मागायचंही टाळलं.

१२ फेब्रुवारी

झेरॉक्सवालीने युक्ती काढली आहे. पायरी पहिली: उद्या सगळ्यांनी पोटभर पाणी प्यायचं. पायरी दुसरी आपोआप सुचेल म्हणते.

१३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना अभिमान वाटला असता! साडेदहापर्यंत बाटल्या रिकाम्या. अकराला पुरुषांच्या मुतारीसमोर रांग — एकोणीस बायका. एक आत, दोघी दाराशी पहाऱ्याला, बाकीच्या ओळीने. बाहेर आलेली पुन्हा शेवटी जाऊन उभी. चष्मेवाल्या बाईने विणकाम आणलं होतं. मी उभ्या उभ्या एका पँटची तुरपाई पुरी केली.

पुरुष यायचे, बघायचे, परत जायचे, पुन्हा यायचे. हार्डवेअरवाला आधी एका पायावर उभा, मग दुसऱ्या. बाराच्या सुमाराला भाऊजी आले. त्यांना साखर आहे, तासातासाला जावं लागतं.

"अगं, जरा बाजूला हो."

मी खाली बघत म्हटलं, "भाऊजी, रांग आहे."

"मला घाई आहे."

मागून झेरॉक्सवाली म्हणाली, "लेखी द्या."

रांगभर हशा. मीही हसले. मग त्यांच्याकडे बघितलं. कपाळावर घाम, एक हात भिंतीवर. माझा नंबर देऊन टाकला त्यांना.

झेरॉक्सवाली नंतर दिवसभर फुगून होती. "आंदोलनात नाती आणायची नसतात, काकू." बरोबर आहे तिचं. पण त्यांचा चेहरा तिला मागून दिसला नव्हता.

१४ फेब्रुवारी

आज रांगेत सत्तावीस. पेपरवाला फोटो काढायला आला. "जरा चिडून बघा ना, ताई." त्याने असं म्हटल्यावर कोण चिडणार? फोटोत सगळ्या सहलीला निघाल्यासारख्या दिसणार.

१५ फेब्रुवारी

तशाच दिसतोय. आईंनी पेपर उलटी घडी घालून गादीखाली सारला.

१६ फेब्रुवारी

भाऊजी बिल्डिंगच्या जिन्यात भेटले. मी अंग चोरून वर जायला लागले तर थांबवलं. "त्या दिवशी तू नंबर दिलास. दहाच मिनिटं उभा होतो गं मी. तुम्ही बायका दिवसभर..." वाक्य तिथेच सोडलं. मग इकडे तिकडे बघत म्हणाले, "शुक्रवारी उघडतो." एवढं बोलून उतरून गेले. तेही भरभर.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

उघडलं! आतून निघालं ते असं — मोडक्या खुर्च्या, रंगाचे वाळलेले डबे, निवडणुकीचे फलक आणि मागच्या अध्यक्षांचा भला मोठा फोटो. ते स्वतः समोरच उभे होते, त्यांना फार लागलं. नळ आला, कडी आली, आरसा आला. पावडरीची सोय झाली म्हणायची.

भाऊजींनी भाषण केलं. हा विषय म्हणे पहिल्या दिवसापासून त्यांच्या मनात होता. विषयाचं नाव आजही घेतलं नाही. फीत कापली, टाळ्या झाल्या.

आणि मग कुणी जाईना. शंभरेक माणसं दाराकडे तोंड करून उभी आणि आम्ही पस्तीस जणी भिंतीला चिकटलेल्या. "या ना," भाऊजी म्हणाले. सगळ्यांनी झेरॉक्सवालीकडे बघितलं. तिला अचानक मोबाईलमध्ये काहीतरी सापडलं. माणसं पांगली तरी समोरची दुकानं टक लावून होतीच. संध्याकाळपर्यंत एक बाई आत गेली नाही. साडेबाराला केकवाली बहिणीकडे गेली.

२१ फेब्रुवारी

सकाळी आईंनी विचारलं, "काल गेलीस का?" म्हटलं, नाही. सगळे बघत असतात. आई जवळ येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा मार्केटात मी एकटीच बाई. त्या दाराला हात लावला की सगळी दुकानं वळून बघायची. सेक्रेटरी तुझे सासरे होते. मीच त्यांना म्हटलं, मला लागत नाही ती खोली, सामान ठेवा. मग मी वीस वर्षं धरून बसले."

भर बाराला माझ्याबरोबर मार्केटात आल्या. सगळ्यांदेखत आत गेल्या. बाहेर येऊन पदराला हात पुसले आणि दाराशी पाठ लावून उभ्या राहिल्या.

"जा आता. कोण बघतं ते मी बघते."