पायरीखालचा पितळी नळ

प्रिय दादा,

तू बोटीवर असताना तुझी पत्रे यायची आणि मी त्यांतल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ती तुला परत पाठवायचे. तू कधी रागावला नाहीस. उलट पुढच्या पत्राची सुरुवात करायचास, 'मास्तरीणबाईंना साष्टांग नमस्कार.' आज मात्र माझी स्वतःची चूक कळवायची आहे, म्हणून लिहिते आहे. लाल शाई हाताशी असेल तर खुशाल वापर.

मी आंजर्ल्यात आहे, तुझ्या पिवळ्या गाडीत, घडीच्या टेबलाशी. शेजारी वहिनी चहा गाळते आहे. चहा गाडीच्याच पाण्याचा आहे आणि उत्तम झाला आहे. हे एवढे वाक्य लिहिता यावे म्हणून मी काय काय केले, ते ऐक.

तू गेल्यावर गाडी पाच महिने रत्नागिरीच्या अंगणात उभी होती. शाळेची जुनी मिनीबस घेऊन तू तिचे फिरते घर केलेस, पण तुझ्यावाचून त्यात शिरायला कोणी धजेना. एके दिवशी वहिनीने आतला नळ उघडला आणि लगेच पदर नाकाला लावला. "पाणीच नासलं, वन्सं. आता कसलं घर? विकून टाकूया." पालीचे एक गृहस्थ गाडी बघूनही गेले. मी वहिनीकडे एका महिन्याची मुदत मागितली.

आयुष्यभर मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रवाहाचे शास्त्र शिकवले. पाणी कसे वाहते हे मी फळ्यावर सिद्ध करून दाखवू शकते. परंतु स्वतःच्या हाताने एकही नळ मी कधी बसवला नव्हता, हे तुला पक्के ठाऊक होते. "अगो, फळ्यावरचं पाणी गळत नाय," असे तू म्हणायचास, आणि मी उत्तर देणे माझ्या पदवीला शोभणार नाही असे समजायचे.

बाकाखालची फळी काढून तुझे काम पाहिले. दादा, ते काय होते? झाडांना पाणी घालायची पारदर्शक नळी, तीन निरनिराळ्या मापांचे क्लॅम्प, एका जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि नळीच्या आत हिरवेगार शेवाळ. बोटीच्या इंजिनात हा माणूस असेच करत असता, तर बोट जयगडच्या खाडीबाहेर पडली नसती, असे मी मोठ्याने म्हटले. वहिनीने शांतपणे उत्तर दिले, "हे असते तर म्हणाले असते, 'बुडाली नाय ना?'"

मी सारे उपटून काढले. टाकी घासून धुतली. निळे, उजेड आत न जाऊ देणारे पाइप आणले. प्रत्येक वळण मोजले, प्रत्येक जोडाला क्रमांक दिला आणि आराखडा दारावर चिकटवला. पंप सुरू केला. सातांपैकी पाच जोड गळले. त्यांतल्या तीन जोडांवर मी गळती रोखणारी टेफलॉनची पट्टी उलट्या दिशेने गुंडाळली होती. वहिनी वाटीने पाणी उपसत होती. "वन्सं, त्याला एकदा फळ्यावर समजावून सांगा." बासष्टाव्या वर्षी गाडीत उताणी पडून, चष्म्यावर पाणी झेलत, मी पोट दुखेपर्यंत हसले. तू गेल्यानंतर आम्ही दोघी प्रथमच हसलो होतो.

तुझी एक करामत मात्र मला मुळीच उमगेना. मागच्या दाराच्या पायरीखाली, घोट्याच्या उंचीवर, पितळेचा नळ. त्यासाठी तू टाकीच्या तळाला भोक पाडले होतेस. कारखान्याने टाकी रिकामी करायची सोय बाजूला दिलेली असताना तळाला भोक! तो शुद्ध अडाणीपणा ठरवून मी भोक बंद केले आणि नळ काढून खोक्यात टाकला.

चाचणीसाठी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. एक थेंब गळला नाही. मी शाबासकीच्या अपेक्षेत, आणि वहिनी वाळूने भरलेले पाय घेऊन मागच्या दाराशी उभी.

"पाय कुठे धुवू?"

"बादली आहे की."

"घरात शिरताना बादली शोधायची? मग ही गाडीच झाली, वन्सं. यांनी घर केलं होतं."

ती तशीच वाळूच्या पायांनी पुढच्या सीटवर जाऊन बसली.

अंगणात आल्यावर मी बाजूच्या तोटीने टाकी रिकामी केली आणि आत बॅटरी मारून पाहिले. तळाशी दोन बोटे पाणी तसेच उभे होते. तू टाकी कशी रिकामी करायचास, असे मी वहिनीला विचारले.

"रिकामी कसली? फिरून आलो की पायरीवर बसून पाय धुवायचे, टाकी संपेस्तोवर. सगळं पाणी अंगणातल्या केळीला. मी ओरडायचे, किती ते पाय धुणं!"

मी त्या पायरीवर जाऊन बसले. बाजूच्या तोटीने न निघणारे ते दोन बोटे पाणी फक्त तळाच्या भोकातूनच बाहेर पडले असते. पाच महिने तो नळ कोणी उघडला नव्हता. पाणी तुझ्या कामामुळे नासले नव्हते. ते सोडायला तू नव्हतास म्हणून नासले होते. शेवाळाचा ठपका मात्र मी मागे घेणार नाही. पण हे तू मला कधी सांगितले का नाहीस? की सांगितले होतेस, आणि मी तेव्हा तुझे क्रियापद सुधारण्यात गुंतले होते?

दुसऱ्या दिवशी तळाचे भोक पुन्हा उघडले. तुझा नळ चिंचेने घासून लखलखीत केला आणि बसवला. हा आठवा जोड. तो पहिल्याच खेपेला गळला नाही.

आज सकाळी आम्ही कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेऊन खाली आलो. वहिनी पायरीवर टेकली, नळ उघडला, सावकाश पाय धुतले आणि आत गेली. मग दारातून मला म्हणाली, "या वन्सं, पाय धुवून घरात या." पालीच्या गृहस्थांना तिने परवाच फोन करून नकार कळवला आहे.

दादा, वचन देते. प्रत्येक प्रवासाहून परतल्यावर मी त्या पायरीवर बसेन आणि टाकी संपेपर्यंत पाय धुवीन. वहिनी कितीही ओरडली, तरी केळीला शेवटच्या थेंबापर्यंत पाणी मिळेल.

तुझी धाकटी,
मास्तरीणबाई