मनोऱ्याची तीन वाचनं

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन २७ तारखेला ठरलं. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर गोल जिने कायमचे विसरा. शहाण्या बाईने तिथेच विषय संपवला असता. हिने घरी येताना बसमध्ये विचारलं, त्याआधी एकदा जुना मनोरा चढून येऊ या का दोघं? सत्तावीस वर्षं खालून बघतोय, वर कधी गेलोच नाही. डॉक्टरांची परवानगीही काढून ठेवली होती. पट्टा बांधून, थांबत थांबत, एकदाच.

२८७ पायऱ्या. पुढेमागे घामट माणसं, वर गेल्यावर त्यांचेच फोटो काढून द्यायचे. मी म्हटलं, विचार करून ठरवू.

४ ऑक्टोबर, शनिवार

ठरवायचं कसं ते ठरलं. एकवीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासतोय. तीन वाचनं झाल्याशिवाय ‘छापावे’ असा शेरा मारत नाही. मनोऱ्यालाही तोच न्याय. पहिलं वाचन, लोकांची मतं. दुसरं, खालून पाहणी. तिसरं, प्रत्यक्ष चढून. तिन्हीत पास झाला तर बायकोला न्यायचं.

बायको म्हणाली, तिसऱ्या वेळी चढायचंच आहे तर मला घेऊनच चढा की. तिला पद्धतीतलं काही कळत नाही.

उद्यापासून रोज सकाळी आपल्याच बिल्डिंगचे चार मजले चढायचे. दोनदा.

५ ऑक्टोबर, रविवार

चढलो नाही. जिना पुसलेला होता, ओला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पहिलं वाचन पूर्ण. मोबाईलवर मनोऱ्याबद्दल चारशे बारा लोकांनी मत दिलंय. वाचून किळस आली. ‘अप्रतिम’ हा शब्द सहा प्रकारे लिहिलाय, सहाही चूक. एका गृहस्थाने ‘आप्रतीम वाष्तू’ लिहून पाच तारे दिलेत. ज्याला वास्तू लिहिता येत नाही त्याला ती दिसली तरी काय असणार? दुसरा म्हणतो, वर वारा छान येतो. वारा आमच्या गॅलरीतही येतो, रांग न लावता. एका बाईने लिफ्ट नाही म्हणून एकच तारा दिलाय. चारशे बारांत तेवढी एक विचारी वाटली.

बायकोने गुडघ्याचा पट्टा आणला. माझ्या खुर्चीच्या पाठीवर टांगलाय. मी तो उचलून कपाटात ठेवला. संध्याकाळी परत खुर्चीवर.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दोन मजले चढलो. तिसऱ्यावर शिवणकाम करणारी शेजारीण भेटली. तिच्याशी बोलताना दम लागला. बोलण्यामुळेच. तिने स्टूल आणून दिलं. उद्यापासून ती मशीनवर बसायच्या आधी निघायचं.

१२ ऑक्टोबर, रविवार, दुपारी १

दुसरं वाचन. एकटाच गेलो, म्हणजे निर्णयावर दबाव नको.

रांग मनोऱ्याला वळसा घालून थेट सार्वजनिक मुतारीपर्यंत. माझ्या पुढचा माणूस हातात शिंकला आणि तोच हात त्याने कठड्याला पुसला. त्याच कठड्याला धरून माझ्या बायकोने चढायचं! एका बाईचं आइस्क्रीम माझ्या बाहीवर सांडलं, तर ती हळहळत राहिली आइस्क्रीमसाठी. भिंतीवर कोणीतरी खिळ्याने जन्मोजन्मीचं प्रेम कोरलंय, त्यात ‘जन्म’ चुकलाय.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दाराजवळची पितळी पाटी. नवी कोरी. ‘कृपया रागेत उभे राहावे.’ अनुस्वारच नाही! माणसं तिच्याखाली आठ्या घालून, दात विचकून फोटो काढत होती. अर्धी गर्दी मनोऱ्यासाठी नाहीच, पाटीसाठी आहे. बरं, राग म्हणायचाच असेल तर ‘रागात’ हवं. ‘रागेत’ हे रूप कुठल्याच व्याकरणात नाही. म्हणजे चुकीतही चूक. आमच्याकडेही पाट्यांची कामं येतात, पण आमच्याकडे मी आहे. ही ज्याने तपासली त्याला पुन्हा पेन हातात धरू देता कामा नये.

एका मुलीने मला पाटीखाली बघून फोटो काढला आणि अंगठा दाखवला. मी पोझ दिली नव्हती. माझा चेहराच तसा झाला होता.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मनोऱ्याच्या देखभाल कार्यालयाला चार पानी तक्रार लिहिली. दोषी शोधावा, त्याचं नाव जाहीर करावं, वगैरे. छापखान्यात मालकांना वाचून दाखवली. मालक बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, जाऊ दे हो, नका पाठवू. मोठ्या मनाचा माणूस. दुपारच्या सुट्टीत मीच ती कार्यालयात नेऊन दिली.

बायकोने विचारलं, मग जायचं कधी? सांगितलं, पाटी बदलली की. गाळलेल्या अनुस्वाराखालून मी बायकोला नेणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, मी डोळे मिटून आत जाईन.

१५ ऑक्टोबर, बुधवार

हॉस्पिटलचा फोन. कुणाचं तरी ऑपरेशन रद्द झालं म्हणून आमचं अलीकडे आलं. या शनिवारी, १८ला. शुक्रवारी सकाळीच भरती. म्हणजे हातात फक्त उद्याचा दिवस.

बायको पट्टा बांधून स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत चालून बघत होती. मी जाहीर केलं की उद्या तिसरं वाचन, दोघं मिळून. पद्धतीत बसत नाही, पण माणसाने लवचीक असावं. रजा टाकली. नेमका मनोऱ्याच्या कार्यालयातूनही फोन आला, तक्रारीबद्दल बोलायचंय, उद्या साडेदहाला या. जाता जाता तेही होईल.

बायकोने आज दोनदा हसून बघितलं. माझ्या निर्णयशक्तीचा परिणाम.

१६ ऑक्टोबर, गुरुवार, संध्याकाळी ६

साडेदहाला पोचलो. कार्यालय पायथ्याशीच आहे. रांग चक्क छोटी होती. बायको म्हणाली, आधी वर जाऊन येऊ, तक्रार कुठे पळून जात नाही. मी म्हटलं, पाचच मिनिटं. ती म्हणाली, बरं, मी हळूहळू पुढे होते, तुम्ही गाठा मला.

अधिकारी बाईंनी चहा मागवला आणि फाईल उघडली. आत पाटीचं प्रूफ. खाली लाल शाईत शेरा, ‘तीन वाचनं झाली. छापावे.’ त्याखाली सही. शेजारी त्यांनी माझी तक्रार ठेवली. दोन्ही सह्या शेपटासकट एकच.

मी म्हटलं, सही बनावट असू शकते. मग म्हटलं, झेरॉक्समध्ये अनुस्वार उडतात. त्यांनी मूळ कागद काढून दिला, सोबत भिंग. मग मी म्हटलं, त्या आठवड्यात माझे डोळे आले होते. बाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांना दोषी नकोच होता. पाटीमुळे येणारी माणसं दुप्पट झाली म्हणून त्या मला आभाराचं पत्र देणार होत्या. आभार! चुकीचे! मी ते घ्यायला साफ नकार दिला. अनुस्वार म्हणजे काय, तो का द्यायचा, हे त्यांना मुळापासून समजावून सांगितलं. पाटी बदलणार नाही म्हणतात. मीही हटलो नाही.

बाहेर आलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. बायको जिन्याच्या दारातून बाहेर येत होती, भिंतीला धरून, पट्टा सैल होऊन घोट्यावर आलेला. मला तिच्याकडे बघवेना. म्हटलं, तिथे जरा उशीर झाला. ती म्हणाली, बसते जरा. टॅक्सीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. गुडघा टम्म सुजलाय. सहीचं तिला सांगितलेलं नाही. ऑपरेशनच्या आधी माणसाला त्रास देऊ नये.

१९ ऑक्टोबर, रविवार, दुपारी ४, हॉस्पिटल

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आज तिला धरून चार पावलं चालवलं. नर्सने मला बाजूला व्हायला सांगितलं, मी मध्ये मध्ये येतो म्हणे.

मालकांचा फोन. सोमवारपासून मी पाकिटांवरचे पत्ते तपासायचे. जोखमीचं काम आहे, पत्ता चुकला तर आतल्या शुद्धलेखनाला काय अर्थ? माझ्याशिवाय कोणाला जमलं नसतं.

तिसरं वाचन एकट्याने करायचा विचार होता. हॉस्पिटलची लिफ्ट बंद होती म्हणून सकाळी दोन मजले चढलो, तेवढ्यात तो विचार मागे पडला. शेवटी म्हटलं, हिचंच मत नोंदवून विषय संपवू. दोन दिवस विचारायचं टाळत होतो. आज विचारलं, काय होतं वर? बघण्यासारखं होतं का?

तिने गुडघ्यावरचं पांघरूण सारखं केलं.

"वर एक दगडी बाक आहे," म्हणाली. "दोघांपुरताच. तासभर तुमच्यासाठी जागा धरून बसले होते, पर्स ठेवून. लोक विचारत होते, इथे कोणी आहे का? मी सांगत होते, येतायत."

मी म्हटलं, गर्दी फार असते ना तिथे.

"हो," ती म्हणाली, "असते."