बंद पडतानाचा पुरावा

बुधवार, ४ फेब्रुवारी

पाच महिने इथे एक ओळ नाही. लाज वाटते. बाबांना इस्पितळातून घरी आणलं तेव्हापासून पेन हातात आलं ते औषधांच्या याद्या करायला. आज लिहितेय, कारण कुणाशीही बोलले की आवाज चढतोय.

बाबांच्या फुप्फुसांना आता सतत ऑक्सिजन लागतो. त्यासाठी मशीन घेतलं — नवंकोरं, तीन वर्षांची हमी. साठवलेलं सगळं त्यात गेलं. तेविसाव्या दिवसापासून ते मध्येच बंद पडतं. आधी घरघर थांबते. मग लाल दिवा, पिंपिं, आणि पुढच्या काचेतली छोटी गोळी तळाला जाते, म्हणजे ऑक्सिजन शून्य. तीन-चार मिनिटांनी काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू! तेवढ्यात धावत जाऊन बाबांची नळी सिलिंडरला जोडायची. सिलिंडर एकच, दोन तासांचा.

मी कचेरीत असले की शेजारच्या काकू बसतात. आज त्यांच्यासमोर बंद पडलं. घाईत त्यांना सिलिंडरला नळी बसवता येईना. "ओठ निळे झाले गं," एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या.

आतापर्यंत नऊ वेळा. तारीख, वेळ, मिनिटं — सगळं लिहून ठेवलंय.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

दुकानाचा मेकॅनिक आला. दीड तास बसला. मशीन शहाण्या मुलासारखं चाललं. "ताई, एकदम टकाटक आहे. तुमच्या घरची लाइन बघून घ्या."

तो जिना उतरला असेल-नसेल, बंद! बाबा धाप लागलेली असतानाही म्हणाले, "पाहुणे गेले वाटतं."

दहा.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

वायरमन येऊन गेला. लाइन ठीक. मग माझंच काही चुकतंय का? जाळी दर आठवड्याला धुते — पुरती वाळू देते ना? मशीन भिंतीपासून वीतभर लांब हवं, असं पुस्तिकेत आहे. पट्टी घेऊन मोजलं. दोन वीत आहे.

शनिवार, ७ फेब्रुवारी

दुकानात गेले. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, बाकी काही दिलं नाही.

"आमच्याकडे चार तास चालवलं तरी बंद पडणार नाही, मॅडम."

"मग चार दिवस चालवा."

"आणि तोवर पेशंटला काय लावणार?" — हसत! म्हणजे त्यांना कळतं सगळं.

मग पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांवर बोट : विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी नोंदींचा कागद पुढे केला. "हे तुम्हीच लिहिलंय ना? मीही लिहून देतो, मशीन उत्तम चालतं म्हणून." शेजारच्या काउंटरवरचं गिऱ्हाईक खुदकन हसलं. "बंद पडतानाचा पुरावा आणा. पेशंटला लावलेलं असताना. मग बोलू."

मी "बरं" म्हणून उठले. बरं काय? शेहेचाळीस वर्षांची बाई मी, आणि बरं!

सोमवार, ९ फेब्रुवारी

अर्धी रजा टाकून ग्राहक तक्रार कार्यालयात. खिडकीतल्या बाईंनी पावती उलटसुलट पाहिली.

"काहीही छापू दे हो. उद्या गिऱ्हाइकाच्या कानफटात मारू असं छापतील, म्हणून गाल पुढे करायचा का? माल सदोष असेल तर दुरुस्ती, बदली, नाहीतर पैसे. हा तुमचा हक्क आहे. त्यांची मेहेरबानी नाही."

तिथेच डोळे भरून आले. वेडेपणा.

वाटा दोन. मशीन प्रयोगशाळेत तपासायला पाठवायचं — दीड महिना तरी, आणि मशीन तिकडेच. नाहीतर बंद पडतानाचा व्हिडिओ. "तो दिसला की दुकानदार बहुतेक नमतात."

दीड महिना बाबा कशावर? हे पैसे परत आल्याशिवाय दुसरं मशीन येत नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

रजा. दिवसभर फोन हातात धरून बसले. एकदाही बंद पडलं नाही. संध्याकाळी जाणवलं, मी निराश झालेय. निराश!

बुधवार, ११ फेब्रुवारी

सकाळी सव्वासातला बंद पडलं. मी सरळ सिलिंडरकडे धावले, फोन टेबलावरच. श्वास परत आल्यावर बाबांनी विचारलं, "काढलंस?"

"नाही."

"अगं वेडाबाई, आधी फोटो, मग बाप."

दोघंही हसलो. मग मी बाथरूमचं दार लावून घेतलं आणि नळ सोडला.

अकरा.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

मिळाला.

साडेपाचला. पिंपिं, लाल दिवा, गोळी तळाला. मी फोन उचलला. आधी मशीन, मग बाबांचा चेहरा, मग पुन्हा मशीन. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. डोळे माझ्यावर. आणि मी सेकंद मोजत होते! एक्केचाळीस सेकंद. मग सिलिंडर. तो जोडेपर्यंत मशीन सुरूही झालं होतं.

"आलं का नीट?" हे बाबांचे पहिले शब्द.

दुकानाला आणि कार्यालयाला पाठवून दिला. बारावी नोंद केली. जेवण गेलं नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

दुकानाचा फोन! आवाज नुसता लोणी. "तुमची अडचण आम्हाला सुरुवातीपासून समजत होती, मॅडम." पैसे पूर्ण परत. परवा माणूस येऊन मशीन नेईल आणि तिथेच चेक देईल. फक्त एका निवेदनावर सही हवी : "सोबतच्या चित्रफितीत मशीन आपोआप बंद पडलेले दिसते, हे सत्य आहे." मी लगेच दुसऱ्या दुकानात नवं मशीन सांगून ठेवलं. काकूंनी हात जोडले.

सही करायची म्हणून व्हिडिओ एकदा नीट बघून घ्यावा म्हटलं. कचेरीत दिवसभर हेच करते ना — नक्कल मूळ कागदाशी ताडायची, मगच सही. आजवर हा व्हिडिओ पुन्हा बघवलाच नव्हता.

पिंपिंच्या मागे घरघर ऐकू येते.

पुन्हा लावला. कानाशी धरला. घरघर आहे! अकराही वेळा आधी घरघर थांबली होती. इथे मशीन चालू आहे. आणि बाबांचा डावा हात चादरीखाली. नळी तिथूनच जाते.

बाबा आंघोळीपुरते सिलिंडरवर होते, तेव्हा मशीनची नळी मी स्वतः दुमडून पाहिली. तोच लाल दिवा, तीच पिंपिं, गोळी तळाला. घरघर चालूच.

चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते ते. त्यांना काय अवघड!

बुधवार, १८ फेब्रुवारी

विचारलं. नाकारलं नाही. "बिघाड खरा आहे ना? मग झालं तर."

"पण बाबा, का?"

नाकातली नळी सारखी करत म्हणाले,

"तू रोज माझा श्वास अडकायची वाट बघत बसायचीस. म्हटलं, एकदाचा अडकवून द्यावा."

बारावी नोंद खोडली.

उद्या : दुकानाचा माणूस आला की निवेदनातलं चित्रफितीचं वाक्य त्याच्यासमोर कापायचं, तिथे अकरा नोंदी लिहायच्या, आणि मगच सही.