अजून न आलेली माणसं

कुंभकोणम,
शुक्रवार, २५ जुलै

वत्सलाक्कास सुब्बूचा नमस्कार.

आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा ठीक नाही, पण तो तू इथे असतानाही नव्हता. तुझा खोकला गेला का? पुण्यात आज श्रावण लागला असेल. आमच्या भिंतीवरच्या मराठी पंचांगातही लागलाय; पण शेजारीच तमिळ कॅलेंडर टांगलंय, त्यात आडी महिना चालू आहे, आणि आपली गल्ली चालते ती त्या कॅलेंडरावर. आडीत इथे कुणी लग्न करत नाही, नवं घर बघत नाही, बिऱ्हाड हलवत नाही. हे तुला सांगायला नको. तरी सांगते, कारण पुढची सगळी हकीकत त्यावर आहे.

पत्र लिहिते कारण फोनवर तुझा प्रणेश आपलं बोलणं मोठ्यानं लावतो आणि मधेच 'सुब्बूमावशी, काय विशेष?' म्हणून विचारतो. धंदा बुडाला, त्यापायी बँकेनं घर घेतलं, पोराचं तोंड आधीच एवढंसं झालंय. त्याच्यासमोर घराचा विषय नको.

तर विशेष असं, की तुझ्या घरात माणसं शिरली आहेत.

घाबरू नकोस. मी आहे. जाताना तू म्हणालीस ना, 'नुसतं कुलूप आहे, सुब्बू, दिवाळीपर्यंत प्रणेश सोडवील, तोवर लक्ष ठेव'? तेव्हापासून मी दुसरं काही केलेलं नाही. सून झाल्यावर सासूबाईंनीसुद्धा माझ्यावर एवढं लक्ष ठेवलं नव्हतं.

गेल्या शनिवारी दुपारी मागच्या बोळात टेम्पो उभा राहिला. त्यातून एक जोडपं उतरलं, पंचेचाळिशीचं असेल. बाई अंगानं भरलेली, तरतरीत; नवरा तिच्या मागे गाठोडी वाहणारा. आधी मला वाटलं बँकेची माणसं असतील. पण बँकेची माणसं पाटा-वरवंटा घेऊन येत नाहीत. भर आडीत बिऱ्हाड घेऊन कोण येतं, अक्का? ज्याला मुहूर्ताची गरज नाही तो. आणि मुहूर्ताची गरज कुणाला नसते? जे घर आपलं नाही, त्यात शिरणाऱ्याला.

पुढच्या दाराला बँकेचं कुलूप जसंच्या तसं आहे, लाखेच्या सीलसकट. ही दोघं परसदारानं ये-जा करतात. पुढे सडा नाही, कोलमची रांगोळी नाही. तमिळ बाई दारात कोलम काढत नाही म्हणजे एक तर घरात सुतक, नाही तर घर तिचं नाही. आणि सुतकाच्या घरातून असे फोडणीचे वास येत नाहीत. स्वयंपाक विहिरीपाशी, तुझ्या कढीलिंबाखाली, एका शेगडीवर. झोपणं मागच्या पडवीत. तिन्हीसांजेला देवघरात दिवा नाही. आणि नव्या घरात शिरताना सगळ्यात आधी चुलीवर दूध ठेवून ते उतू जाऊ देतात, गल्लीला बोलावतात, ते तर नाहीच. दूध सोड, साधा चहासुद्धा कुणाला विचारला नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

"अगे, अस्के सामान, एकूण एक गाठोडं, बांधूनच ठेविलंय," हे गच्चीवरून उतरून म्हणाले. "कोण्ही आलं की पळायला बरं." सकाळचं कोवळं ऊन घ्यायला गच्चीवर जाणारा हा माणूस आता भर दुपारचंही ऊन घेतो. सर्वे खात्यातला हात, त्यामुळे तुझ्या परसाचा नकाशाच काढलाय; शेगडी कुठे, चटई कुठे, बाणांसकट. पोलिसांकडे द्यायच्या अर्जाला जोडायचा म्हणून. अर्ज मात्र पहिल्या ओळीवरच अडकलाय. वर 'सविनय' घालावं की घुसखोरांबद्दलच्या अर्जात विनय शोभत नाही, हे त्यांचं ठरत नाही.

माझी तर खात्री झाली आहे. आणि खरं सांगू? बरं वाटलं. घुसखोराला हाकलता येतं. बँकेनं घर कुणाला विकलं असतं तर ते लोक नादस्वर वाजवत पुढच्या दारानं आले असते. तसं कुणी आलेलं नाही. म्हणजे घर अजून तुझंच आहे, आणि तू येणार आहेस. तू यायलाच हवंस. भिंतीपलीकडे मराठी बोलायला आता कुणी उरलं नाही. ह्यांच्याशी बोलते, पण ह्यांच्याबद्दल ह्यांच्याशी कसं बोलणार?

पहाऱ्यावरची,
सुब्बू


कुंभकोणम,
रविवार, ३ ऑगस्ट

वत्सलाक्का,

घाईत लिहिते. आज आडिपेरुक्कुचा सण, कावेरीवर जायचंय. चित्रान्नाचा डबा भरून ठेवलाय आणि हे मांजरासारखे त्याच्याभोवती घुटमळताहेत.

आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो म्हणतात ना इथे? पाटा राहू दे, बुधवारी ह्यांची वेष्टी उडाली. अंगावरची नव्हे, दोरीवरची, देवाची कृपा. ती थेट तुझ्या परसात त्यांच्या शेगडीजवळ जाऊन पडली. हे गच्चीवरून 'अरे अरे' करत राहिले आणि त्यांचा पहारा उघडा पडला.

दुसऱ्या दिवशी ती बाई वेष्टी धुऊन, घडी घालून आमच्या मागच्या दाराशी हजर. संधी चालून आली होती. मी सरळच विचारलं, "तुम्ही ह्या घरात कधी आलात?"

"नांग इन्नुम वरवे इल्लै, मामी," म्हणाली. म्हणजे आम्ही अजून आलोच नाही!

पदर कमरेला खोचलेला, हात हळदीनं पिवळे, मागे दोरीवर नवऱ्याचे बनियन वाळताहेत, आणि म्हणे आम्ही आलोच नाही. मी म्हटलं, "मग हे जे दिसतंय ते काय?"

"हे असंच," म्हणाली आणि हसली. "आडी संपू दे मामी, मग बघा."

मग बघा! मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "उदंड धीट आहे गे ती." ही धमकी अर्जात घालायलाच हवी म्हणून त्यांनी नवा कागद घेतला. म्हणजे पुन्हा पहिली ओळ.

एक सांगते, रागावू नकोस. धुतलेली वेष्टी आणून देणाऱ्या बाईला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? म्हणून मी वाटीभर डांगर पचडी दिली. माहिती काढायला. तिला आपली पचडी ठाऊक नव्हती, कशाची करतात म्हणून विचारलं. मी उडदाच्या पिठाचं सांगितलं, पण प्रमाण सांगितलं नाही. वाटी परत आली ती चिंचेच्या आमटीनं, वत्तकुळंबूनं, भरून. बरं होतं. तुझ्यासारखं नव्हतं. हे बोटं चाटत होते ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

तिचं नाव धनलक्ष्मी. नवरा समया ओतण्याच्या कारखान्यात मुकादम आहे. एवढं कळलं. मग तिनंच मला विचारलं, "इथल्या आधीच्या मामी कशा होत्या?"

"होत्या नाही, आहेत," मी म्हणाले. मला वाटलं, बरी जिरवली. पण ती जाताना तुझ्या तुळशीला तांब्याभर पाणी घालून गेली. मी गुडघ्यामुळे भिंतीवरून घालू शकत नव्हते, ती तुळस वाळली असेल असंच मी धरून चालले होते. वाळलेली नाही. चोरानं तुळशीला पाणी घातलं तर ते पुण्य कुणाला, हे तू आपल्या आचार्यांना विचारून कळव.

अर्ज ह्या आठवड्यात द्यायचा होता, पण ठाण्याच्या बाजूला सणाची गर्दी आहे. पुढच्या आठवड्यात नक्की.

हे डब्याचं झाकण उघडताहेत. थांबते.

तुझी,
सुब्बू


कुंभकोणम,
मंगळवार, १२ ऑगस्ट

अक्का,

हे पत्र एकटी असताना वाच. चहा वगैरे पिऊन झाल्यावर.

काल ह्यांचा अर्ज पुरा झाला. 'सविनय' राहिलं. हे इस्त्रीचा सदरा घालून निघाले. मी म्हटलं, न्याय म्हणून एक शेवटची संधी द्यावी, आणि आम्ही दोघं मागच्या बोळातून तिच्याकडे गेलो. ती शेगडीवर भात ढवळत होती. मी म्हणाले, "धनलक्ष्मी, खरं काय ते सांग. कुणाच्या परवानगीनं राहता?"

तिला आधी कळेचना. मग कळलं, आणि ती इतकी हसली की भात लागला.

अक्का, त्यांनी घर घेतलंय. बँकेच्या लिलावात, जूनमध्ये. ह्यांनी कागद मागितले, तिनं आणून दिले. ह्यांनी सर्वे नंबर ताडून पाहिला आणि चष्मा काढून हातात धरून बसले.

त्यांच्या जुन्या घरमालकानं नेमकं आडीतच त्यांना बाहेर काढलं. आडीत नव्या घरात पाऊल टाकायचं नाही, मग जायचं कुठे? म्हणून ती दोघं आलीच नाहीत. परसात राहिली, घरात नाही. पुढच्या कुलपाची किल्ली खुंटीवर टांगलेली आहे, पण सील तोडलं नाही. चुलीला हात लावला नाही, दिवा लावला नाही, कोलम काढलं नाही, गाठोडी सोडली नाहीत. महिनाभर असं राहायचं की देवानं वरून पाहिलं तरी त्याला वाटावं, ही माणसं अजून यायची आहेत.

गल्लीत सगळ्यांत कर्मठ बाई म्हणून मला मान आहे. आणि माझ्या नाकासमोर माझ्याहून कर्मठ बाई तीन आठवडे विहिरीपाशी भात शिजवत होती, तिला मी घुसखोर ठरवलं! तिच्या जागी मीही अगदी हेच केलं असतं. ह्यांनी अर्जाची घडी करून खिशात घातली आणि तिला म्हणाले, आम्ही सहजच, फिरायला निघालो होतो. इस्त्रीच्या सदऱ्यात, दुपारी बाराला.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. मीही हसले.

मग ती म्हणाली, "मामी, लिलावाचं घर घेऊ नका असं आम्हाला सगळ्यांनी सांगितलं. आधीच्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी त्या घरात राहतं म्हणाले. त्या मामी रडत गेल्या का?"

मी म्हणाले, "वत्सला? ती कसली रडतेय! बँकेचा माणूस चपला घालून उंबऱ्यावर चढला म्हणून त्याच्यावर ओरडत गेली. आधी उंबरा पुसला, मग किल्ली दिली." आणि एवढं सांगितल्यावर तुझ्या विहिरीच्या कठड्यावर बसून मी रडले. तुझ्या वाटचं आणि माझ्या वाटचं. धनलक्ष्मी घाबरून पाणी घेऊन आली आणि हे उगाच विहिरीची खोली मोजू लागले.

तिनं आणखी एक सांगितलं. लिलावाची नोटीस बँकेनं तुझ्या पुण्याच्या पत्त्यावरही पाठवली होती. म्हणजे तुला जूनपासून ठाऊक आहे. आणि तरी दर फोनवर 'दिवाळीपर्यंत' म्हणत होतीस, 'लक्ष ठेव' म्हणत होतीस. का, ते मी विचारत नाही. मी तरी कुठे शहाणी? लिलावाच्या जाहिराती येतात ते पेपरचं पान मी चैत्रापासून न वाचता रद्दीत टाकते आहे. तू मला पहाऱ्याला बसवलंस आणि मी बसले, दोघींचंही बरं चाललं होतं. ती दोघं घुसखोरच निघावीत म्हणून मी देवाला नारळ बोलले होते, अक्का. चांगल्या माणसांबद्दल असलं मागणं मी जन्मात केलं नव्हतं.

आता कामाचं. आडी संपून आवणी लागल्यावर येणाऱ्या पहिल्या गुरुवारी ती पुढचं दार उघडून दूध ठेवणार आहे. गल्लीतली वडीलधारी सवाष्ण म्हणून पातेलं मी चुलीवर चढवावं अशी तिची इच्छा आहे. पण तिची एक अट आहे. म्हणाली, "त्या मामींनी तोंडानं हो म्हटलं तरच. नाही म्हणाल्या तर मी परसातच राहीन, पुढचा मुहूर्त बघू." नवरा मागून म्हणाला, "दिवाळीचा पाऊस येतोय, धनम." तिनं त्याच्याकडे पाहिलं, तो गाठोडी उचलायला गेला. तो तसाच आहे.

कागदानं घर तिचं झालंच आहे. तुझ्या शब्दाची तिला कायद्यानं गरज नाही, आणि तरी ती तुझ्या शब्दासाठी पडवीत झोपते आहे. तुला हो म्हणायला सांगताना कालपासून तीन कागद फाडले. तू हो म्हणालीस की तू येणार नाहीस हे पक्कं होतं, आणि ते मला नको आहे. पण तुझ्या घरात अशीच बाई यायला हवी होती. तुला पसंत पडली असती. आधी तुम्ही दोघी सोवळ्यावरून भांडला असता, मग पसंत पडली असती.

नाही म्हणालीस तरी मी तुझ्याच बाजूची. तिला मी सांगेन, आणि तुझ्याशी त्यावर कधी एक शब्द बोलणार नाही.

हो म्हणालीस तर गुरुवारी तुझ्या चुलीवर दूध मी ठेवीन. आच मंद ठेवीन. ते उतू जाईपर्यंत घर तुझं. त्यानंतर ह्या गल्लीत तुझं घर म्हणजे आमचं.

तुझी वाट बघणारी,
सुब्बू