अंतरगड आणि गोळीबार चौकातले घर

मी, गिरिधर श्रावणजी सोनकुसरे, वय त्र्याहत्तर, खाणीतला सेवानिवृत्त नकाशाकार, राहणार गोळीबार चौकाजवळ, नागपूर, माझ्या मागे काय व्हावे ते येथे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल मात्र त्यांनी भरवसा दिलेला नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मी असे काही लिहिलेले नाही.

१. माझी पत्नी भारती सहा वर्षांपूर्वी वारली. वारस दोन. मुलगी उन्नती, अविवाहित, नागपुरातच सदर भागातल्या एका कार्यालयात पाणीपुरवठ्याची कनिष्ठ अभियंता. आणि तिचा धाकटा भाऊ अंकुर, पुण्यात नोकरीला. उन्नतीची उंची तीन फूट दहा इंच आहे. बारशाला नाव ठेवले तेव्हा तिची वाढ खुंटणार हे आम्हाला ठाऊक नव्हते. पुढे लोक नावावरून हसले. आम्ही नाव बदलले नाही, हे एक बरे केले.

२. वरच्या खोलीत प्लास्टिकखाली झाकलेले आहे ते अंतरगड. ही मिळकत कागदोपत्री कुठेच नाही, म्हणून तिची हकिगत सांगणे भाग आहे. उन्नती आठ वर्षांची असताना तिच्या वाकलेल्या पायांची धंतोलीतल्या एका इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. दोन्ही पाय चार महिने प्लास्टरमध्ये होते. तेव्हा तिला रमवायला मी डोंगराच्या पोटातली एक राजधानी सांगू लागलो. तिथले सगळे लोक तिच्याएवढे. सात मजले, मधून वाहणारी नदी, लोहारांची आळी, आणि सोन्यापेक्षा घंटेला जास्त जपणारे राजघराणे. खापा भागातल्या खाणीत मी रोज बोगद्यांचे नकाशे काढायचो, त्यामुळे डोंगर आतून कसा पोखरतात हे मला चांगले माहीत होते. पुढे पाच वर्षे सुट्टीच्या दिवशी मी तेच शहर प्लायवूड, प्लास्टर आणि मँगनीजचे काळे दगड घेऊन बांधले. तिच्या अंगठ्याएवढी माणसे तिनेच रंगवली.

३. ती तेरा वर्षांची असताना आमच्या मंडळाचे अध्यक्ष महादेवराव यांनी अंतरगड गणपतीत मांडायला मागितले. मी फुशारकीने दिले. त्यांनी शेजारी खुर्ची ठेवली, उन्नतीला मुकुट घातला आणि 'बुटक्यांची राणी' अशी पाटी लावली. लोक देखाव्याऐवजी तिलाच बघत राहिले. मी तिथेच उभा होतो आणि लोक शहराची तारीफ करताहेत असे समजत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठून घरी आली. मी रागावलो. ती स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "बाबा, तुमी मले राहाले दुसरं गाव बांधून देल्लं. मले याच गावात राहाचं हाये. पाच वर्षांत इथला ओटा काहून नाही ठेंगणा केला?"

ओट्यावरचा पाण्याचा ग्लास घ्यायला ती तेव्हाही डबा उलटा करून त्यावर चढत होती.

महादेवरावांना मी काही देत नाही. त्यांच्यावरचा रागही मुलांसाठी ठेवून जात नाही, कारण त्यातला निम्मा माझ्यावरचा होता.

४. घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते जमिनीसह उन्नतीला एकटीला देतो. त्या प्रसंगानंतर आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी गवंडी बोलावला. ओटा, नळ, दिव्यांची बटणे, दाराच्या कड्या, सगळे खाली आणले. भारती म्हणाली, "मी बसून रांधीन," आणि शेवटपर्यंत तिने स्टुलावर बसून स्वयंपाक केला. पाठ दुखायची, पण कुरकुर केली नाही.

अंकुरचे म्हणणे होते की घर पाडून फ्लॅट बांधावेत, दोघांना सारखे मिळेल. त्याला मी सांगितले, आणि इथेही लिहितो: बाळा, तुले कोणतंही घर पुरते. तिले हेच पुरते. तो म्हणाला, "मले कळते बाबा. पण तुमी मले कधी विचारलंच नाही." हे खरे आहे. ओट्याच्या त्या आठ दिवसांनंतर माझे सगळे लक्ष एका लेकराकडे गेले. त्याची माफी मागतो. बँकेतली ठेव आणि उमरेडचा प्लॉट त्याचा.

५. अंतरगड उन्नतीला. मागच्या वर्षी एका रिसॉर्टवाल्याने ते मागितले होते. शेजारी कमी उंचीची माणसे पोशाख घालून उभी करणार, असे त्याने सांगताच मी त्याला चहा न देता वाटेला लावले. ते कुठल्याही प्रदर्शनात जाऊ नये. नंतर मी उन्नतीला विचारले की मोडून टाकू का. ती वर गेली, पंचवीस वर्षांनी प्लास्टिक काढले आणि बराच वेळ वाकून आत बघत होती.

"बाबा, सात मजले हायेत," ती म्हणाली, "संडास एकपण नाही."

आम्ही हसलो. मला धाप लागेपर्यंत हसलो. पुढच्या रविवारी तिने पातळ नळ्या आणल्या. आता पाचव्या मजल्यापर्यंत पाणी पोचले आहे. पुढे काय करायचे ते तिने ठरवावे.

६. कंपास पेटी आणि टी-स्क्वेअर अंकुरची मुलगी रितिका हिला. माझ्या वडिलांचा मागावरचा धोटा अंकुरला. तो त्याने लहानपणी दोनदा मागितला होता.

७. भारती गेली तेव्हा उन्नतीला खांदा द्यायचा होता. बाकीच्यांच्या खांद्याला तिचा हात पोचत नव्हता. कोणीतरी तिला प्रेमाने बाजूला केले, आणि ती घाटापर्यंत मागून चालत गेली. मी पुढे मडके धरून होतो. मागे वळून पाहिले नाही.

म्हणून माझी तिरडी कोणी खांद्यावर घेऊ नये. हातात धरावी, खाली, उन्नतीच्या खांद्याच्या उंचीवर. पुढची डावी बाजू तिची. अंकुर उंच आहे, त्याची पाठ भरून येईल. वाटेत थांबायला हरकत नाही. मला घाई नसेल.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून सही केली.

गिरिधर श्रावणजी सोनकुसरे

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. रोशन भैय्याजी निपाने, शेजारी
२. दीप्ती प्रशिक मेश्राम, निवृत्त परिचारिका

नागपूर, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५