मॉरिसचा रोटर

कांदिवली,
११ नोव्हेंबर २०२५

ती. दादांना वनमालाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून पत्र.

तुमच्या भावाला डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांचं म्हणणं, हा नुसता वयाचा विसरभोळेपणा नाही, आजार आहे आणि तो वाढत जाणार. गोळ्या दिल्या आणि स्पष्ट बजावलं, की गाडी आजपासून बंद. हे डॉक्टरांसमोर मान डोलवून आले, आणि खाली उतरल्याबरोबर मला म्हणाले की हा पोरगा ऑटोमॅटिक गाडी चालवणारा, त्याला काय कळतंय!

तुम्हाला ठाऊकच आहे, ही जुनी मॉरिस गाडी म्हणजे माझी सवत. रिटायर झाल्यावर अंधेरीच्या एका बंगल्यामागून ती उचलून आणली, तेव्हा तिच्या सीटमधून पिंपळ उगवला होता. चार वर्षं खपून यांनी तिला उभी केली. अजून रोज सकाळी तिचे दिवे पुसतात. रविवारी जुन्या गाड्यांची मंडळी जमली की यांचा दोस्त रुडॉल्फ आपली हेराल्ड गाडी घेऊन येतो, आणि मग दोघांचं भांडण सुरू. हेराल्डचं अख्खं नाक पुढे उघडतं, ती रिक्षासारखी जागच्या जागी वळते, ते सगळं हे मान्य करतात. पण रस्ता पकडावा तर मॉरिसनेच, म्हणतात.

परवा मात्र एस. व्ही. रोडला सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागून हॉर्न. मी पाहिलं तर हे पायांकडे बघत बसलेले. कुठला पाय कुठे, तेच आठवेना.

आमची लेक अक्षता म्हणते किल्ली लपव. लपवली होती. यांनी वायर जोडून गाडी चालू केली आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. तुम्ही कडक लिहा. लोभ आहेच, आता थोडा धाकही दाखवा.

आपली,
वनमाला


वालावल,
१९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. वनमाला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. लिहायला बसलो आणि तीन कागद फाडले.

मधूला गाडी मी शिकवली. मी एस.टी.त होतो तेव्हा सुट्टीत हा माझ्या मागे लागायचा. स्टिअरिंग हातात आलं की याचा चेहराच बदलायचा. मुंबईला गेल्यावर पत्रात घरची खुशाली दोन ओळी, आणि आज रस्त्यात फोक्सवॅगन बीटल दिसली, तिचं इंजिन मागे असतं, पाणी लागत नाही, याची दोन पानं. अशा माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू, की आता उतर?

माझं ऐक. एकदम तोडू नको. रुडॉल्फला शेजारी बसव. सकाळी रस्ते मोकळे असतात तेव्हा सोसायटीला एक फेरी मारू दे. माणूस आतून तुटला तर गोळ्या काय करतील? दिवाळीत नीट बोलत होता असं अक्षताने कळवलं होतं. तू जरा जास्तच घाबरतेस, असं मला वाटतं. रागावू नको. मी मे महिन्यात येतो, तेव्हा समोर बसून बोलेन.

सर्वांना आशीर्वाद. मधूला सांग, आंब्याला मोहर बरा दिसतोय.

सहदेव


कांदिवली,
२ डिसेंबर २०२५

ती. दादांना सा. न.

मी जास्त घाबरत नव्हते.

शनिवारी मी आंघोळीला गेले आणि बाहेर आले तर गाडीची जागा रिकामी. फोन यांचा टेबलावर. रुडॉल्फला कळवलं. त्याने ताबडतोब सगळ्या जुन्या गाडीवाल्यांना निरोप टाकला, की पिस्ता रंगाची मॉरिस, चालवणारा एकटा, दिसेल तिथे थांबवा. मुलुंडचा एक बीटलवाला निघाला, घाटकोपरहून फियाटवाली बाई निघाली. अक्षता पोलिसांत गेली. मी फोनसमोर. कोणी कळवलं, जोगेश्वरीला पाहिली. मग अंधेरीच्या सिग्नलला. त्यानंतर काहीच नाही. दुपार होत आली तरी काहीच नाही. दादा, त्या वेळात मी काय काय डोळ्यांसमोर आणलं ते लिहीत नाही.

शेवटी रुडॉल्फचा फोन आला, वर्सोव्याहून. यांना जायचं होतं साकीनाक्याला, एका लेथवाल्याकडे गाडीचा एक सुटा भाग, बुश, करून घ्यायला. तो कारखाना बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. अंधेरीला वळायचं पूर्वेला, हे वळले पश्चिमेला, आणि रस्ता अरुंद होत गेला तसे कोळीवाड्यात शिरले. पुढे बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांड्या. ब्रेक समजून गॅस दाबला. दोन वलांड्या आडव्या झाल्या.

तिथे एक लहान मुलगी बसली होती. तिच्या आजीने दंडाला धरून ओढली म्हणून वाचली. ती बाई आधी यांच्या अंगावर धावून गेली. म्हाताऱ्या, माझी नात खाल्ली असतीस, म्हणाली. मग यांचा चेहरा पाहिला. आत नेलं, पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. रुडॉल्फ पोचला तेव्हा हे तिलाच विचारत होते, की साकीनाका अजून किती लांब?

गाडीचं पुढचं मडगार्ड चेपलंय. यांनी ते अजून पाहिलेलं नाही, किंवा पाहून विसरले. मुलीचं मात्र विसरलेले नाहीत. जेवताना हात थांबतो आणि विचारतात, की ती बरी आहे ना?

आता तुम्ही काही लिहिलंत तर लिहा, नाहीतर राहू दे. तरी तुमचीच,
वनमाला


कांदिवली,
९ डिसेंबर २०२५

ती. दादास मधूचा सा. न.

आज डोकं स्वच्छ आहे. म्हणून आजच लिहितो.

सोबतच्या पुडीत एक काळा तुकडा आहे, अंगठ्याएवढा, वर पितळी पट्टी. हा मॉरिसचा रोटर. डिस्ट्रीब्युटरच्या टोपीखाली फिरतो आणि एकेका प्लगला ठिणगी पाठवतो. हा नसेल तर किल्ली असो, वायर जोडा, काही करा, गाडी मेलेली. स्टार्टर नुसता घरघरतो. जुन्या इंग्रजी गाड्यांचे मालक गाडी बाहेर ठेवून जाताना हा खिशात घालून न्यायचे. मी माझ्या हातांनी काढला.

दादा, तू मला नेहमी विचारायचास की या खटाऱ्यात आहे काय. आज सांगतो. वळायचं असेल तर दारामागच्या खांबातून हात बाहेर येतो, केशरी, छोटा. दिवा नुसता लुकलुकत नाही, गाडी हात दाखवते. उतारावर गॅस सोडला की मागून पुरपुर आवाज करते, गल्लीच्या टोकाला वनमालेला कळतं मी आलो. फियाट जास्त चलाख आहे, बीटल जास्त चिवट आहे, आणि जर्मन गाड्यांचं दार मिटताना जे ऐकू येतं ते मॉरिसला या जन्मी जमणार नाही. पण मॉरिस माणसाला घाई करू देत नाही. ज्याने ती आखली त्याने तिच्यात बसणाऱ्या साध्या माणसाचा विचार केला होता, असं मला तिला खोलताना पदोपदी वाटलं.

आणि अशा गाडीखाली मी एक पोर चिरडणार होतो.

मला उद्या हे आठवेल की नाही, माहीत नाही. मी रोटर परत मागेन. रागावेन, रडेन, तुला वाटेल ते बोलेन. देऊ नकोस. ग्रुपमधल्या सगळ्यांना मी सांगून ठेवलंय, मला दुसरा कोणी द्यायचा नाही. पण ते सगळे भिडस्त आहेत. तू नाहीस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

मधू


कांदिवली,
३ जानेवारी २०२६

दादा,

गाडी चालू होत नाही. टोपी उघडली तर रोटर गायब. रुडॉल्फवर माझा संशय होता, त्याला दारातूनच परत पाठवला. आता वनमाला म्हणते तो तुझ्याकडे आहे, आणि मीच पाठवला. मी कशाला पाठवीन? माझ्या घरात माझ्याविरुद्ध सगळे एक झालेत आणि त्यांत तूही? मी तुला कधी काही मागितलं नाही. ताबडतोब पाठव. नाही पाठवलास तर आपला संबंध संपला असं समज.

मधुकर


वालावल,
१० जानेवारी २०२६

चि. मधूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं.

रोटर माझ्याकडे आहे. चोर शोधू नको. रुडॉल्फला बोलाव आणि चहा पाज, त्याने काही घेतलेलं नाही. वनमालेलाही बोलू नको. तिने मला वेळेवर सांगितलं होतं, मीच मानलं नाही. रागवायचं तर माझ्यावर रागव.

तू तो मला दिलास आणि मागितला तरी देऊ नको म्हणालास. तुला आठवत नसेल. हरकत नाही. मला आठवतंय, तेवढं दोघांना पुरेल.

मेपर्यंत मी थांबत नाही. याच महिन्यात येतो. रोटर बरोबर आणेन. तो बसवायचा तू, कारण मला त्यातलं काही कळत नाही. गाडी चालवेल रुडॉल्फ. आपण दोघे मागच्या सीटवर. वर्सोव्याला जाऊ, त्या बाईच्या आणि तिच्या नातीच्या पाया पडू, आणि परत येऊ. घरी पोचलो की तो काढून माझ्या हातात द्यायचास. पुन्हा फिरावंसं वाटलं की मला लिही, मी पुन्हा येईन. हातपाय चालतात तोवर येत राहीन.

संबंध संपवायचा म्हणतोस. तो तुझ्या एकट्याच्या हातात नाही, बाबा.

आणि एवढं वाचूनही उद्या पुन्हा मागशील, तर बेलाशक माग. पत्र मात्र पाठव. दर वेळी उत्तर देईन, आणि दर वेळी आपल्या मालवणीत हाच नकार देईन:

मधग्या, मी देवचंय नाय.

तुझा,
दादा