पडद्यावर न पडलेला पाऊस

९ मे

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

मेहुण्यांची कंबर सरळ झाली का? सूनबाईचा खोकला थांबला का? नातीचे दुधाचे दात पडून झाले का? तुझ्या तब्येतीचं विचारत नाही, तुझं उत्तर मला पाठ आहे.

मला ऊन लागून ताप आलाय. भेटायला येणारा प्रत्येक जण उंबऱ्यातच डॉक्टर होतो, पथ्य सांगतो आणि माझ्या उशाची फळं संपवून जातो. खरे डॉक्टर म्हणाले, आधी बातम्या बंद करा. पण आमच्या मंत्र्यांनी नळाचं उद्घाटन केलं, ते बघितल्याशिवाय राहवेना. फीत आली, फोटोवाले आले, लांबलचक भाषण आलं, पाणी तेवढं आलं नाही. माझा पारा चढला तो थर्मामीटरमध्येही दिसला.

तू शिवलेला पांढरा शर्ट मिळाला. कॉलरला निळा दोरा घातलायस. तुझ्या शिलाईला आजवर कुणी नाव ठेवलं नाही, म्हणून मीही गप्प. पडून पडून कंटाळलोय. एखादा नवा सिनेमा बघितलास तर कळव.

तुझा दादा

१६ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे, मी ठणठणीत. निळा दोरा ही फॅशन आहे, तुला नाही कळायची. गिऱ्हाइकं हल्ली जरा कमी झालीत, पण मशीन चालू आहे. ते थांबलं तर मी दिवसभर करू काय?

सूनबाईनं सिनेमाला नेलं होतं. नायक कारकुनाचा पुढारी होतो, नायिका तीन तास रडते. का रडते ते तिला शेवटी नायकानं सांगितलं, तेव्हा आम्हालाही कळलं. शेवट मात्र सुरेख. नायक बोलायचा थांबतो आणि धो धो पाऊस कोसळतो. बरा झालास की बघ. थेटरात गारवाही असतो. काळजी घे, माया आहेच.

तुझी धाकटी

२४ मे

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

ताप उतरल्याबरोबर सिनेमा गाठला. नायिका तू सांगितलंस तशीच रडते. पण शेवटी पाऊस नाही गं. कडक ऊन आहे, मैदानभर माणसं आहेत आणि ती टाळ्या वाजवताहेत. मी डोळे मिटून पाहिलं, तेव्हा मलाही पाऊस ऐकू आला.

मग निळा दोरा आठवला. तुला नीट दिसत नाही आणि तू घरात कुणाला सांगत नाहीस. सांगितलं तर मशीन बंद करायला लावतील, ही धास्ती. वेडाबाई, न सांगता ते आपोआप बंद पडायला लागलंय. नळाच्या उद्घाटनासारखं झालंय तुझं, ठणठणीतपणा जोरात आणि आत कोरडं.

इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलंय. मी तुला न्यायला येतो. तपासताना शेजारी बसेन, आणि भीती वाटली तर बातम्या सांगेन, म्हणजे डोळ्यांचं दुखणं किरकोळ वाटेल. घरी मात्र तूच सांग, मी चुगली करणार नाही.

शर्ट रोज घालतो. कुणी विचारलं तर फॅशन म्हणून ठोकून देतो.

तुला वाचता यावं म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. नुसतं 'ये' लिहिलंस तरी पुरे, पण लवकर लिही, आणि मागच्या पत्रासारखं सूनबाईच्या नाही, स्वतःच्या हातानं. ओळ वाकडी गेली तर जाऊ दे. ती जाईल तिकडे मान वाकडी करून मी वाचेन.

तुझा दादा